तांग घोडा चार बारीक पायांवर भट्टीत उभा कसा राहायचा?

शाडूमाती:

चीनमधल्या तांग काळातल्या (इ.स. ६१८ ते ९०७) थडग्यांतून निघालेले मातीचे घोडे पाहिले की पहिल्यांदा पायांकडेच लक्ष जातं. पोट रांजणासारखं, मान आणि पुठ्ठे भरदार, आणि हे सगळं वजन चार काटकुळ्या पायांवर. ओल्या मातीला टेकू देता येतो, पण भट्टीत काय? त्यातले कित्येक घोडे ५० ते ७५ सेंमी उंच आहेत.

त्याच घडणीचा ४५ सेंमी उंचीचा घोडा करायचा आहे. भट्टी विजेची, १२५० अंशांपर्यंत जाणारी. आतापर्यंतच्या दोन चाचण्या अशा:

पहिली स्टोनवेअर मातीत. १००० अंशांना बिस्किट (ग्लेझ न लावता पहिली भाजणी), १२२० ला ग्लेझ (वर वितळून बसणारा काचेसारखा थर). बिस्किटातून घोडा सरळ बाहेर आला, पण ग्लेझच्या भाजणीत पुढचे पाय गुडघ्यात वाकले आणि पोट खाली उतरलं.

दुसरी लाल टेराकोटात. ती भट्टीपर्यंत पोचलीच नाही. वाळतानाच तीन पाय खुराच्या जरा वर तडकले.

आता प्रश्न. मूळ घोडे एका साच्यातून काढलेले आहेत की तुकडे जोडून? पाय भरीव की पोकळ? आत तार किंवा सळी असायची का? पोटाखालचं भोक कशासाठी? आणि तो ओघळलेला हिरवा-तांबूस रंग शिसं न वापरता कितपत जमतो?

भट्टी_नंबर_२:

पहिल्या चाचणीत भाजण्यांचा क्रम नडला आहे. माती बदलण्याआधी हे समजून घ्या, कारण तांग घोड्याच्या पायांचं गुपित इथेच आहे.

आपल्या स्टुडिओंमध्ये बिस्किट कमी तापमानाला आणि ग्लेझ जास्त तापमानाला, हा नेम झाला आहे. स्टोनवेअरला तो बरोबरच आहे. पण १२०० च्या पुढे माती काचेकडे झुकायला लागते, अंगानं मऊ होते. वाडगा असेल तर हे कळत नाही, कारण त्याचं वजन गोलाईवर वाटलेलं असतं. घोड्याचं सगळं वजन मात्र चार ठिकाणी येतं. गुडघा, आणि खुरावरचा बारीक भाग, ही पायातली सर्वांत कमजोर जागा. माती मऊ झाली की तिथेच वाकणार.

तांग कारागिरांचा क्रम उलटा होता. आधी ग्लेझ न लावता कोरा घोडा १००० ते ११०० अंशांना भाजायचा, मग शिशाचं ग्लेझ लावून ८०० ते ९०० ला दुसरी भाजणी. म्हणजे अंगाला जेवढी आच सोसायची ती पहिल्याच फेरीत सोसून झालेली. दुसऱ्या फेरीत ग्लेझ वितळतं आणि अंग दगडासारखं गप्प उभं राहतं. पाय वाकण्याचा प्रश्न दुसऱ्या भाजणीत उरतच नाही.

मातीही या क्रमाला साथ देणारी होती. हेनान प्रांतात लुओयांगच्या पूर्वेला गोंगयी आहे. तिथल्या ह्वांगये गावाजवळच्या भट्ट्यांत केओलीनचं, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीचं, प्रमाण भरपूर असलेली फिकी माती वापरत. अशी माती पुरती घट्ट व्हायला १२०० च्या वर जावं लागतं. ११०० ला ती सच्छिद्रच राहते, पाणी शोषते, पण आकार सोडत नाही. शान्शी प्रांतातही अशा भट्ट्या सापडल्या आहेत: तोंगछ्वानजवळ ह्वांगपाओला, आणि खुद्द राजधानी छांगआनमध्ये, म्हणजे आजच्या शीआनमध्ये. माती भाजल्यावर गुलाबी किंवा पिवळसर होत असेल तर वर पांढऱ्या मातीच्या घोळाचा हात देत, नाहीतर ग्लेझचे रंग मळकट दिसतात.

तार आणि सळीचा विचार सोडून द्या. माती वाळताना आणि भाजताना आकसते, लोखंड आकसत नाही. उलट तापलं की फुगतं. तारेभोवती उभी चीर ठरलेली. शाडूच्या मूर्तीत आधाराला काठी चालते, कारण ती मूर्ती भट्टीत जात नाही.

तुमच्यासाठी मातीचं मिश्रण, वजनानं: चायना क्ले ४०, बिकानेरची बॉल क्ले ३०, बारीक ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) २०, फेल्डस्पार १०. पहिली भाजणी १०८० ते ११०० ला, दुसरी १०२० च्या आसपास. दोन्हींत किमान ६० अंशांचा फरक ठेवा. ४५ सेंमीच्या घोड्याला सहा ते आठ किलो ओली माती लागेल. साचा भरताना काही वाया जाते, म्हणून दहा किलो मळून ठेवा. आधी या मातीची पट्टी करून आकसण्याचं माप घ्या. एकूण सात-आठ टक्के धरलं तर मूळ नमुना ४८ ते ४९ सेंमीचा हवा.

लाल टेराकोटात हा प्रकार करू नका. तिच्यातलं लोह आणि चुना ११०० पर्यंत बहुतेक वेळा अंग वितळवायला लागतात, आणि पाय पुन्हा गुडघ्यात बसतील.

साचेकार:

घडणीबद्दल सांगतो. तांग घोडा तुकड्यांचा असतो. धडाचे डावा आणि उजवा असे दोन भाग, त्यांचे साचे भाजलेल्या मातीचे. साच्यात मातीची पोळी अंगठ्यानं दाबत बसवायची. मूळ घोड्याच्या पोटाखालच्या भोकातून बॅटरी मारून पाहिलं तर आत बोटांचे ठसे आणि कण्याच्या रेषेत जोड दिसतो. बाहेरून तो जोड खरवडून गुळगुळीत केलेला असतो, आतून कोणी त्याची पर्वा केलेली नसते. डोकं-मान, पाय आणि पाट (घोडा ज्यावर उभा असतो ती सपाट बैठक) हे निरनिराळे करून जोडलेले. कान, आयाळ, शेपूट, खोगीर, पट्ट्यांवर लोंबणारी पानांच्या आकाराची पदकं हे सगळं वरून चिकटवलेलं. मानेचा जोड जरा तिरका कापला की डोकं डावीकडे वळतं, सरळ कापला की समोर बघतं. त्यामुळे एका साच्यातून निघालेले दोन घोडेही एकसारखे दिसत नाहीत.

धड पोकळ, पाय मात्र भरीव करा, निदान गुडघ्याखाली तरी. पोकळ बारीक पायाची भिंत पाच-सहा मिलिमीटरची होते आणि जोडताना दाबली गेली की तिथेच भेग पडते.

आता मापं. धडाची जाडी ८ मिमी, सगळीकडे सारखी. जिथे पाय लागणार तिथे आतून तळहाताएवढा भाग १५ मिमी करा, पण एकदम पायरी नको, हळूहळू वाढवत न्या. पाय वर ४ सेंमी, खुराच्या वर २.२ ते २.५ सेंमी. पाट १२ मिमी, घोड्याच्याच मातीचा, त्याच दिवशी लाटलेला आणि तितकाच ओलसर. हे शेवटचं वाक्य विसरू नका, कारण तुमची दुसरी चाचणी पाटानंच बुडवली असणार.

काय होतं ते पाहा. पाट पातळ आणि मोकळा, म्हणून आधी वाळतो, आधी आकसतो आणि चारही खूर आतल्या बाजूला ओढतो. वर पोट अजून ओलं, ते जागचं हलत नाही. मधल्या मध्ये पाय पिळवटतो आणि जिथे सर्वांत बारीक तिथे तडकतो, म्हणजे खुराच्या जरा वर. पाट लाकडी फळीला चिकटून राहिला तर उलटं होतं: पाट आकसू शकत नाही, पोट आकसतं, आणि तडा पुन्हा तिथेच.

जोडणीचा क्रम असा ठेवा. धडाचे दोन्ही भाग साच्यातून काढून लेदरहार्ड, म्हणजे चामड्याइतके घट्ट पण अजून ओलसर, होऊ द्या. कडा खरवडून त्याच मातीचा घट्ट घोळ लावा आणि जोडा. आतून जोडावर बोटाएवढ्या जाडीची वळी दाबून बसवा. हात आत जाण्यासाठी पोटाखाली सात-आठ सेंमी लांबीचं अंडाकृती भोक ठेवा. मग धड उलटं करून जाड स्पंजवर झोपवा. पायाच्या जागी धडाला भोक पाडून पायाचं वरचं टोक खुंटीसारखं आत घाला. नुसता पृष्ठभागावर चिकटवलेला पाय टिकत नाही. आतून खुंटीभोवती वळी द्या. चारही पाय लागले की वर आडवी पट्टी ठेवून खूर एका पातळीत आणा, मग पाट वरून ठेवून जोडा. पाय हाताला घट्ट लागेपर्यंत थांबा आणि दोघांनी मिळून घोडा सरळ करा.

उभा केला की पोटाखाली त्याच मातीचा एक खांब द्या, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. खांब त्याच मातीचा असला तर घोड्याबरोबरच आकसतो. लाकडाचा किंवा विटेचा टेकू जागचा हलत नाही, मग पोट त्याच्यावर अडकतं आणि पाय लोंबकळतात. पाटाखाली कागदाचे दोन थर आणि चिमूटभर कोरडी वाळू पसरा, म्हणजे पाट सरकत आकसेल. पहिले चार दिवस सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, ओल सगळीकडे सारखी होऊ द्या. नंतर रोज थोडं थोडं उघडा. कान, शेपूट आणि पाय शेवटपर्यंत ओल्या फडक्याच्या पट्टीत. तीन आठवडे धरा, पावसाळ्यात चार.

साचा प्लास्टरचा करणार असाल तर १०० भाग प्लास्टरला ७० भाग पाणी, जाडी ४ सेंमी, आणि किमान आठवडाभर वाळवणं.

मानेची कमान फक्त देखणी आहे असं समजू नका. हनुवटी आत घेतलेली असल्यामुळे डोक्याचं वजन मागे, पुढच्या पायांच्या वर येतं. तेच डोकं पुढे ताणलेलं केलं तर घोडा नाकावर पडेल. आपल्या नमुन्यात ओळंबा धरून बघा: नाकपुडीची रेघ पाटाच्या बाहेर पडता कामा नये, आणि पुढच्या खुरांपुढे पाट चार-पाच सेंमी तरी हवा.

उत्खनन:

साचेकार यांनी भोकाबद्दल हात घालण्याची सोय सांगितली, ती बरोबर आहे. पण भोक नसतं तरी हाताच्या सोयीपेक्षा मोठी अडचण आली असती. बंद पोकळीतल्या ओलीची भट्टीत वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही तर पोट फुटतं. हा प्रश्न तांगच्याही आधीचा आहे. १९७४ साली शीआनजवळ सापडलेल्या छिन सम्राटाच्या मृत्तिकासेनेतले घोडे जवळजवळ खऱ्याएवढे आहेत. त्यांचं धड पोकळ, पाय भरीव, आणि कुशीवर गोल भोक ठेवून नंतर मातीच्या बुचानं बंद केलेलं. सिचुआनमधल्या पूर्व हान काळातल्या मोठ्या घोड्यांचा मार्ग निराळा: डोकं, धड, पाय वेगवेगळे भाजून नंतर एकत्र बसवायचे. एक मीटरच्या पुढचा घोडा करायचा असेल तर आजही तोच मार्ग शहाणपणाचा, कारण तुकडे छोट्या भट्टीत मावतात आणि आकसण्याची ओढाताण एका पायावर येत नाही.

साचे का वापरले, याचंही कारण आहे. हे घोडे देवघरात किंवा दिवाणखान्यात ठेवायला केलेले नव्हते. ही 'मिंगची', म्हणजे मृताबरोबर पुरायची वस्तू. अंत्ययात्रेत मिरवायची आणि थडग्यात ठेवायची. कुणाच्या थडग्यात किती असाव्यात हे दर्ज्यावर ठरलेलं होतं. ७४१ सालच्या फर्मानानं तिसऱ्या श्रेणीपासून वरच्या अधिकाऱ्यांची संख्या ९० वरून ७० वर, पाचव्या श्रेणीपर्यंतच्यांची ४० वर आणि नवव्या श्रेणीपर्यंतच्यांची ४० वरून २० वर आणली. संख्या कमी करायचं फर्मान काढावं लागलं, यावरूनच मागणीचा अंदाज येतो. माणूस गेल्यावर थोड्या अवधीत एवढ्या मूर्ती पुरवायच्या तर साच्याला पर्याय नव्हता.

उत्तम नमुने पाहायचे तर दोन थडग्यांतले पाहा. एक शीआनजवळच्या श्यानयू थिंगहुईचं, ७२३ सालचं, उत्खनन १९५७ मध्ये झालं. वाद्यवृंद पाठीवर घेतलेला तो प्रसिद्ध उंटही याच थडग्यातला. दुसरा संच सेनापती ल्यू थिंगशुनच्या नावाशी जोडला जातो. तो ७२८ मध्ये वारला, आणि त्याच्या मूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ओळीनं मांडलेल्या आहेत. लंडनला राहणाऱ्यांनी तिथे जाऊन घोड्यांचे खूर आणि पाट यांचा जोड मुद्दाम बघावा. फोटोत तो भाग नेहमी अंधारात असतो. ७५५ मध्ये आन लुशानचं बंड झालं आणि त्यानंतर एवढ्या मोठ्या, एवढ्या निगुतीनं केलेल्या मूर्ती फारशा होईनाशा झाल्या.

एक तपशील घडणीत जरूर घ्या. तांग घोड्याची आयाळ पुष्कळदा आखूड कापलेली असते आणि कधी कधी तिच्यात बुरुजाच्या चर्यांसारखे तीन उंचवटे ठेवलेले असतात. सम्राट थायत्सुंगच्या थडग्यासाठी कोरलेल्या सहा दगडी घोड्यांवरही हीच कातरणी आहे. त्यातले चार शीआनला आहेत आणि दोन अमेरिकेत फिलाडेल्फियाला. शेपूट आखूड, वर बांधून गाठ मारलेली. लांब सुटी शेपूट केली तर घोडा तांगचा दिसणारच नाही, शिवाय वाळताना पहिली तीच तुटेल.

काचरस:

ग्लेझबद्दल. 'सान्‌त्साय' या चिनी शब्दाचा अर्थ तीन रंग, पण हे नाव खूप नंतरचं आहे आणि रंग तीनच असतात असंही नाही. मूळ ग्लेझ एकच: वजनानं निम्म्याच्या आसपास शिशाचं ऑक्साइड, तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास सिलिका, उरलेलं अ‍ॅल्युमिना आणि इतर. त्यात काही न घालता पांढऱ्या अंगावर दिलं की सायीसारखा रंग, तांबं घातलं की हिरवा, लोह घातलं की मधासारखा तांबूस. कोबाल्टचा निळा महाग, म्हणून थोडाच.

शिशामुळे तीन गोष्टी होतात. ग्लेझ ८००-९०० लाच वितळतं, पातळ होऊन वाहतं, आणि चकाकी खोल दिसते. रंग एकमेकांत ओघळतात ते दुसऱ्या गुणामुळे.

शिसं वापरू नका. त्याची भुकटी आणि भट्टीत निघणारी वाफ दोन्ही अंगात जातात, आणि एकदा शिसं भाजलेल्या भट्टीत नंतर जेवणाची भांडी भाजणं धोक्याचं. 'शोभेचीच तर वस्तू आहे' हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण विषबाधा करणाऱ्याला होते. शिवाय हिरव्यासाठी घातलेलं तांबं ग्लेझमधलं शिसं आणखी सुटं करतं.

पर्याय: बोरॉन असलेलं शिसेविरहित पारदर्शक फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) ८५, चायना क्ले १५. १०२० ला छान वितळायला हवं. या शंभर भागांवर भर अशी:

साय-रंगासाठी तांबडं लोह ऑक्साइड ०.५ ते १.
तांबूससाठी तेच ५ ते ६.
हिरव्यासाठी कॉपर कार्बोनेट ४ आणि लोह ऑक्साइड १.
निळ्यासाठी कोबाल्ट कार्बोनेट ०.७५ ते १.

हिरव्यात लोह का? सोडा जास्त असलेल्या फ्रिटमध्ये तांबं गवती हिरवं न होता फिरोजी होतं, इराणी टाइल्ससारखं. चिमूटभर लोह त्याला पिवळटाकडे ओढतं. फ्रिट घेताना विक्रेत्याकडून घटकांचा तक्ता मागून घ्या आणि सोडा-पोटॅश कमी असलेलं निवडा.

शिशाविना ग्लेझ जरा घट्ट असतं, तेवढं ओघळत नाही. म्हणून लावण्याची पद्धत बदला. १०० ग्रॅम कोरड्या ग्लेझला ७५ ते ८० मिली पाणी, ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळा. आधी सगळीकडे साय-रंगाचे दोन हात. त्यावर पाठीच्या कण्यापासून खांद्यापर्यंत तांबूस किंवा हिरव्याचे दोन जाड हात, कुशीवर एक, पोटाखाली काहीच नाही. ग्लेझ वरून खाली जाणार, म्हणून माल वर ठेवायचा. गुडघ्याखाली फक्त साय-रंग, आणि खुराच्या वर दीड सेंमी कोरं सोडा. तिथे ग्लेझ साचून पाटावर उतरलं तर घोडा शेल्फला चिकटेल. पाटाचा तळ ओल्या स्पंजनं दोनदा पुसून घ्या.

पांढरे ठिपके हवेत तर साय-रंगावर मेणाचे थेंब द्या आणि मग रंगाचा हात फिरवा. मेणावर ग्लेझ बसत नाही. भट्टीत मेण जळून जातं आणि शेजारचा रंग ठिपक्याच्या कडेत थोडा शिरतो. त्या धूसर कडा आल्या नाहीत तर पुढच्या वेळी शेवटचं तापमान १५ अंशांनी वाढवा किंवा दहा मिनिटं जास्त थांबा. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

खोगिराला ग्लेझ न लावलेले घोडेही आहेत. तिथे भाजल्यानंतर थंड रंग दिलेला असे आणि तो बहुतेक ठिकाणी झडून गेला आहे. तुम्ही खोगीर कोरं ठेवून वर खनिज रंग सरसात मिसळून लावू शकता. ग्लेझची चकाकी आणि खोगिराचा मॅट रंग शेजारी शेजारी फार सुंदर दिसतो.

शाडूमाती:

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाचा मुद्दा एकदम पटला.

आणखी तीन शंका. ग्लेझवर बारीक जाळी पडली तर ती चूक समजायची का? दोन्ही भाजण्यांचं वेळापत्रक कसं ठेवावं? आणि ऑनलाइन लिलावात 'तांग घोडा, चाचणीच्या प्रमाणपत्रासह' असं दिसतं. अभ्यासासाठी एखादा छोटा मूळ घोडा घ्यावा का?

भट्टी_नंबर_२:

वेळापत्रक. भरीव पाय हा इथला धोका आहे. धड वाळलेलं वाटतं तेव्हा पायाच्या गाभ्यात ओल असते. भट्टी ८० ते ९० अंशांवर आणून आठ ते दहा तास तशीच ठेवा, वरचं भोक उघडं. भोकाजवळ आरसा धरा. धुकं धरत असेल तर अजून थांबा. मग ६०० पर्यंत तासाला ६० अंश. ५७३ ला क्वार्ट्झ एकदम फुगतो, तिथे घाई झाली की जाड-पातळ जोड सुटतात. पुढे तासाला १०० नं १०९० पर्यंत, तिथे वीस मिनिटं. पोटाखालचा खांब पहिल्या भाजणीत राहू द्या, पाटाखाली अ‍ॅल्युमिनाची किंवा बारीक ग्रॉगची भुरभुर. नंतर खांब काढून टाका.

दुसरी भाजणी: ६०० पर्यंत तासाला १००, पुढे १५० नं १०२० पर्यंत, पंधरा मिनिटं थांबा. खांब नको. थंड होताना ६५० ते ५०० या टप्प्यात झाकण किंवा भोक उघडू नका, आणि १०० च्या खाली आल्याशिवाय दार उघडू नका. भट्टी भरताना घोडा मधोमध, चारही बाजूंच्या कॉइल्सपासून सारख्या अंतरावर. एक कूस कॉइलला चिकटून असेल तर ती आधी आकसते आणि घोडा त्या बाजूला कलतो.

काचरस:

जाळीबद्दल: मूळ सान्‌त्सायवर अगदी बारीक जाळी असतेच. ग्लेझ अंगापेक्षा जास्त आकसतं म्हणून ती पडते. शोभेच्या घोड्यावर ती दोष नाही. नकोच असेल तर मातीत १० भाग बारीक क्वार्ट्झ पावडर घाला आणि ग्रॉग तेवढा कमी करा. ग्लेझच्या पापुद्र्या कडांवरून सुटायला लागल्या तर क्वार्ट्झ जास्त झाला असं समजा आणि निम्म्यावर आणा.

उत्खनन:

घोडा विकत घेऊ नका. कारण सविस्तर देतो.

प्रमाणपत्र असतं ते थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचं. मातीतले क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण आजूबाजूच्या किरणोत्सारातून ऊर्जा साठवत राहतात. भाजलं की साठा शून्य होतो आणि पुन्हा भरायला लागतो. प्रयोगशाळेत कण तापवले की तो साठा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडतो, त्यावरून शेवटची भाजणी किती जुनी ते मोजतात. अचूकता साधारण २० ते २५ टक्के. म्हणजे 'तांग आहे की आधुनिक' हे कळतं, 'आठवं शतक की सातवं' हे कळत नाही.

खरी अडचण पुढे आहे. नमुना न दिसणाऱ्या जागी बारीक ड्रिलनं घेतात, आणि निकाल फक्त त्या जागेपुरता. तांग घोड्यांचे पाय, कान, शेपट्या, माना थडग्याच्या छताखाली दबून तुटलेल्याच असतात. जोड जिथे कमजोर असं साचेकार यांनी सांगितलं तिथेच. दुरुस्तीत मूळ पोटाला नवे पाय बसवलेले घोडे सर्रास असतात. पोटातून नमुना घेतला तर प्रमाणपत्र 'जुना' म्हणणार आणि अर्धा घोडा नवा असणार. जुन्या विटांचे, थडग्यातल्या फुटक्या मातीचे तुकडे जोडून केलेल्या नकलाही या चाचणीत पास होतात. आणि लुओयांगजवळचं नानशीशान गाव सान्‌त्सायच्या प्रतिकृतींसाठीच प्रसिद्ध आहे. तिथल्या प्रतिकृती प्रतिकृती म्हणून विकतात तेव्हा तो उत्तम माल असतो. फसवणूक पुढे होते, माती फासून आणि आम्लानं चकाकी मारून.

आणि घोडा खरा निघाला तरी प्रश्न सुटत नाही. या मूर्ती थडग्यातच असायच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुओयांग भागात रेल्वेमार्ग टाकताना मांगशानच्या टेकड्यांतली थडगी फुटली आणि सान्‌त्साय बाजारात यायला लागलं. त्यानंतर जे बाहेर आलं त्यातलं पुष्कळसं चोरट्या खोदाईतलं आहे. थडगं फोडून घोडा काढला की तो कुणाचा, कुठल्या सालचा, शेजारी काय होतं, हे सगळं कायमचं गेलं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी हेही लक्षात ठेवावं: १४ जानेवारी २००९ पासून तिथे तांगच्या अखेरीपर्यंतच्या चिनी पुरातत्त्वीय वस्तू आणण्यावर निर्बंध आहेत. योग्य कागद नसले तर वस्तू जप्त होते.

अभ्यासासाठी नानशीशानची प्रतिकृती घ्या, ती प्रतिकृती म्हणूनच. तिच्या पोटाखालच्या भोकातून आतले जोड बघा. संग्रहालयातल्या घोड्याच्या पोटात बॅटरी मारायला तुम्हाला कोणी देणार नाही.

साचेकार:

एक गोष्ट राहिली. काही तांग घोड्यांच्या मानेवर आयाळीच्या जागी खाच असते आणि पुठ्ठ्यावर शेपटीच्या जागी नुसतं भोक. ते अपुरे सोडलेले नाहीत. तिथे केस बसवायचे असत आणि ते कुजून गेले. पहिल्या घोड्याला हाच प्रकार करा. मातीची शेपूट वाचते, मानेवरचा जाड थर वाचतो आणि मान हलकी होते. खाच ६ मिमी रुंद आणि ८ मिमी खोल ठेवा. तिथे मानेच्या भिंतीला आतून आधीच वळी देऊन जाडी १५ मिमी करा, नाहीतर खाच आरपार जाईल. शेपटीचं भोक १० मिमी, जरा वरच्या दिशेला तिरकं. ग्लेझ लावताना दोन्ही जागी मेण भरा. दुसऱ्या भाजणीनंतर खाच आणि भोक दोन्ही मोकळी आहेत ना ते काडी घालून बघा, मग केसांची जुडी सरसानं बसवा.